शववाहिकेचे टायमिंग

१७ ऑगस्ट १९१५ रोजी अमेरिकेत मोटारीच्या विजेवर चालणाऱ्या सेल्फ-स्टार्टरला पेटंट मिळाले. पेटंट-कचेरीच्या दप्तरात ते आजही कोणालाही पाहता येते. त्याआधी इंजिन हाताने, म्हणजे पुढच्या भोकात हँडल घालून, जागे करावे लागे. आणि झोपमोड झाल्याचा सूड ते कधीकधी मनगटावर उगवी. त्या पेटंटाने जगातली सगळी मनगटे वाचवली, असा कोणाचा समज असेल तर तो मात्र तपासून घ्यायला हवा. कितीतरी वर्षांनंतर, सेल्फ-स्टार्टर असलेल्याच एका गाडीला आमच्या गावच्या वस्तादांनी, म्हणजे सगळ्यात जुन्या मोटार-मिस्त्रींनी, हँडल मारले, हँडल उलटे आले आणि त्यांचे उजवे मनगट जे वाकडे झाले ते शेवटपर्यंत वाकडेच राहिले. त्या हाताने ते चहाचा कप उचलत तेव्हा कप समोरच्याकडे झुके. नव्या पाहुण्याला वाटे, आपल्यालाच देत आहेत. तो घ्यायला हात पुढे करी आणि वस्ताद एक घोट पिऊन मोकळे होत.

ही हकिकत घडली ती वस्तादांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी. पण ती आहे त्यांच्या शिष्याची.

शिष्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. त्याचे गॅरेज म्हणजे रस्त्यापासून चढाने वर गेलेला एक लांबट गाळा. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेखा रंगाने काढलेली, त्यामुळे कोणता पाना जागेवर नाही हे पान्यापेक्षा आधी दिसे. मध्ये एक फळ्यांची भिंत, आणि भिंतीपलीकडे मिस्त्रीच्या बायकोचे शिलाई मशीन. भिंतीला कान असतात ही म्हण त्या गाळ्यापुरती अक्षरशः खरी होती. इकडे मिस्त्री गिऱ्हाइकाला काय सांगतो ते तिकडे बाही जोडता जोडता तपासून घेतले जाई.

मिस्त्रीचे नाव झाले होते ते कानांमुळे. इंजिनात ठिणगी कधी पडावी याला एक वेळ असते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटायला क्षणाचा काही अंश लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते. उशीर झाला तर गाडी आळसावते. फार घाई झाली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर अर्ध्या वाटेतच थप्पड बसते आणि चढावर इंजिन किणकिणते, पत्र्याच्या डबीत टाचण्या हलवाव्यात तसे. ही वेळ म्हणजेच टायमिंग. मिस्त्रीची ते लावण्याची रीत अशी : पाण्याच्या टाकीजवळचा चढ वरच्या गिअरमध्ये घ्यायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा, उतरून ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी अलीकडे आणायची, पुन्हा चढायचे, टाचण्या वाजेपर्यंत असेच. वाजल्या की केसभर मागे. बस.

वस्तादांचा दुसरा शिष्य मात्र दिवेवाला होता. त्याच्याकडे ठिणगीच्या तालावर लुकलुकणारा दिवा होता. तो इंजिनाच्या पुलीवर धरला की तिच्यावरची गरगर फिरणारी टायमिंगची खूण जागच्या जागी उभी दिसे. शिवाय खिशात वायर जोडलेला एक साधा बल्ब कायम असे. दोघे एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकले आणि तेव्हापासून एकच भांडण जिवापाड जपून होते.

"दिव्यानं खूण दिसते," मिस्त्री म्हणे. "इंजिनाचं मन दिसत नाही."

"आणि तुला ते ऐकू येतं?"

"येतं."

"मग घरी बायकोचंही ऐकत जा कधीतरी. तिलाही मन आहे म्हणतात."

वस्ताद या वादात कोणाची बाजू घेत नसत. ते मनगटाकडे बघत आणि म्हणत, "हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

पालिकेची शववाहिका मिस्त्रीकडे पहिल्यापासून येई. बसक्या नाकाची, पेट्रोलवर चालणारी ती जुनी गाडी मिस्त्रीला माहेरवाशिणीसारखी होती. थंडी सरताना त्याने तिला डिस्ट्रिब्युटरमधले नवे पॉइंट, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणारी टोके, बसवले आणि नेहमीप्रमाणे टाकीच्या चढावर नेले. ठिणगी अलीकडे आणली, गाडी गप्प. आणखी अलीकडे आणली, तरी गप्प. त्याने आणखी थोडी आणली आणि तो समाधानाने परतला. गॅरेजचा चढ घाईने, वरच्याच गिअरमध्ये चढून गाडी आत आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "म्हातारीनं कुरकुर करायचं सोडलं बघ."

पलीकडचे मशीन थांबले. "अहो, आत्ता चढताना किणकिणत होती की."

"तुझ्या मशीनचा पट्टा वाजला असेल."

पट्टा वाजत नव्हता. बाईने तो काढून पाहिला, परत चढवला आणि तोंडातल्या टाचण्या तोंडातच ठेवल्या. त्याच सुमारास मिस्त्री एकदा अंगणात उभा राहून म्हणाला होता की, यंदा चिमण्या कमी झाल्या. "आहेत तेवढ्याच आहेत," असे ती म्हणाली होती. त्यावर तो, "तुला काय, तुला सगळंच जास्त दिसतं," असे म्हणून आत गेला होता. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचे काम तेव्हा कोणीच केले नाही.

काही दिवसांनी शववाहिकेचा चालक तक्रार घेऊन आला. हा बोलघेवडा गृहस्थ होता. दिवसभर ज्यांच्याबरोबर प्रवास करी ते उत्तर देत नसत, त्यामुळे साठलेले सगळे तो गॅरेजात बोले.

"मिस्त्री, गाडी जाताना जाते, येताना येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी एका टिचकीत सुरू. स्मशानात पोचून बंद केली की मग स्टार्टर असा घुटमळतो, जसा जावई सासरी पैसे मागताना. एक ढकल, एक झटका, थांबला. तासाभरानं आपोआप सुरू. मला वाटतं तिला तिथं आवडतं. निवांत जागा आहे, झाडं आहेत."

"आणखी काही?"

"मागचं स्ट्रेचर वाजतं चढावर. रुळांत चिंध्या कोंबल्या मी. आतल्या माणसाला शेवटचा प्रवास तरी शांत व्हावा."

स्ट्रेचर वाजते हे वाक्य मिस्त्रीने ऐकले आणि सोडून दिले. स्ट्रेचर हे काही इंजिन नव्हे.

गरम झाल्यावर स्टार्टर अडखळतो म्हटल्यावर कोणीही बॅटरीकडे पाहील, त्यानेही पाहिले. टोके घासली, जाड केबल टाकली. मग स्टार्टर खोलून त्यातले बुश बदलले. मग कॉइल तापून दम सोडत असेल म्हणून कॉइल, आणि कॉइलच्या सोबतीने कंडेन्सर. दर वेळी गाडी त्याच्यासमोर येई ती थंड होऊन, ताप उतरल्यावर डॉक्टरकडे आणलेल्या पोरासारखी टुणटुणीत. अंगणात उभी ठेवून तापवली तरी ती जेमतेम एक आचका देई आणि सुरू होई. तो आचका मिस्त्रीने नव्या बुशांच्या नावे लिहिला. टायमिंगला त्याने हात लावला नाही. टायमिंग त्याने स्वतः लावले होते, आणि स्वतःच्या कानावर कोण संशय घेतो? काखेत कळसा घेऊन तो गावाला वळसा घालत राहिला.

शेवटी पालिकेच्या साहेबांनी निरोप धाडला : आणखी एकदा बंद पडली तर गाडी भंगारात आणि पुढचे काम दिवेवाल्याकडे. भंगाराचे मिस्त्रीला एवढे वाटले नाही. "मिस्त्रीच्या कानाला सापडलं नाही" हे वाक्य गावातून फिरणार होते, आणि त्या कानावाचून आपण गॅरेजात नेमके कोण, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

आणि त्याच आठवड्यात वस्ताद गेले.

वस्तादांच्या मागून चालणाऱ्यांत गावातला प्रत्येक मिस्त्री होता. धुतलेले कपडे, घासूनही काळीच राहिलेली नखे. गॅरेजे सगळी बंद. त्या दिवशी कोणाची गाडी रस्त्यात बंद पडली असती तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहिली असती. शववाहिका पुढे चालली होती. टाकीच्या चढावर बायकोने मिस्त्रीकडे एकदा पाहिले. तो खाली मान घालून चालत होता. गर्दीत दिवेवाल्यानेही मान वर केली होती, असे नंतर कळले.

सगळे यथासांग पार पडले. ऊन चढले होते. म्हातारीकोतारी माणसे परत नेण्यासाठी शववाहिकेत बसली, वस्तादांची लेक पुढे बसली, चालकाने किल्ली फिरवली.

घुं... घुं. झटका. शांतता.

"झालं," चालक म्हणाला. "आवडलं तिला."

यानंतर जे घडले ते त्या गावाने आधी कधी पाहिले नव्हते. पन्नासएक पावलांवर नुकतेच डोळे पुसलेले झाडून सगळे मिस्त्री क्षणभर जागीच थांबले, आणि मग कोणीही कोणाला न सांगता बाह्या सरसावून बॉनेटभोवती गोळा झाले. रडणे हे त्यांचे काम नव्हते, ते जमतही नव्हते. हे मात्र जमण्यासारखे होते.

"बॅटरी बसली."

"बॅटरी कसली, हॉर्न बघ वाजवून. कोंबड्यासारखा आरवतोय."

"पेट्रोलची वाफ झाली असणार. पंपावर ओलं फडकं टाका."

"कोणाकडे आहे फडकं?"

"डोळे पुसायला आणलेलं आहे की तुझ्या खिशात, ते टाक."

रुमाल भिजवून पंपावर टाकला गेला. पंप थंड झाला, गाडी नाही. एकाने आपल्या जीपची बॅटरी खोलून आणली. त्या बॅटरीवरही स्टार्टर तसाच झटका देऊन थांबला. म्हणजे घोडे बॅटरीत पेंड खात नव्हते. कोणी म्हणाला, इंजिनच आतून जाम होतेय. वस्तादांचा व्याही, जो धान्याचा व्यापारी होता आणि ज्याला बॉनेट कोणत्या बाजूला असते हेही ठाऊक नव्हते, त्यानेही "कार्बन असेल" असे मत नोंदवले. सगळे बोलत होते आणि अधूनमधून एकेक नजर मिस्त्रीकडे जात होती. गाडी त्याची होती.

मिस्त्रीने सीटखालून हँडल काढले.

"किल्ली बंद ठेव," त्याने चालकाला सांगितले. हँडल भोकात घालून त्याने सावकाश फिरवले. इंजिन लोण्यासारखे फिरले. दाब आला, गेला, पुन्हा आला. कुठे अडकत नव्हते. जाम नाही.

"आता किल्ली लाव."

गर्दी जरा मागे सरली. मिस्त्रीने हँडल पुन्हा धरले, आणि धरताना बोटे थबकली. अंगठा सवयीने पलीकडे गेला होता. त्याने तो उचलून बोटांच्या बाजूला आणला आणि जोर केला.

हँडल अर्धे वर आले आणि तितक्याच जोराने उलटे फिरले. ते हातातून सुटून गरकन खाली गेले, कारण अंगठा वाटेत नव्हता. मिस्त्री दोन पावले मागे जाऊन चालकाच्या अंगावर आदळला. मनगट झिणझिणत होते, पण सरळ होते. हात दाखवून अवलक्षण करून घेतल्याची ती वेळ, पण अवलक्षणाने त्याला सगळे सांगून टाकले. किल्ली बंद असताना इंजिन फिरते आणि किल्ली लावताच उलटते, म्हणजे पिस्टन माथ्यावर येण्याच्या फार आधी ठिणगी पडते आहे. स्टार्टर दुबळा नव्हता; वर चढू पाहणाऱ्याला इंजिनच वरून लाथ घालत होते. थंड असताना ते एवढे जोरात पेटत नव्हते म्हणून निभावत होते. टायमिंग. आणि टायमिंग लावले होते कोणी?

ते चढावर किणकिणले असणार. न किणकिणून सांगते कोणाला. स्ट्रेचर वाजत नव्हते. मशीनचा पट्टा वाजत नव्हता. अंगणात चिमण्या आहेत तेवढ्याच होत्या; त्यांची बारीक चिवचिव तेवढी त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

हे सारे त्याला एकदमच समजले, आणि भोवती गावातले सगळे जाणकार उभे होते. त्याने बायकोला शोधले. ती बायकांच्या घोळक्यात होती आणि सरळ त्याच्याकडेच बघत होती, तिच्या चेहऱ्यावर ना कीव होती, ना "सांगत होते ना." दोरा ओवताना ती जशी बघे तशी बघत होती.

मिस्त्री दिवेवाल्याकडे वळला.

"तुझा बल्ब दे."

एवढ्या वर्षांत ही दोन अक्षरी वस्तू मिस्त्रीने कधी हातात धरली नव्हती. दिवेवाल्याने खिशातून बल्ब काढला आणि स्वतःच वाकून वायरी जोडल्या. किल्ली लावलेलीच होती. पण चालकाने कॉइलकडून येणारी मधली तार सोडवून ठेवली, म्हणजे आता ठिणगी कोणाच्या हातावर येणार नव्हती. मिस्त्रीने हँडल हळूहळू फिरवले. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो, आणि त्या वेळी पुलीवरची खूण कुठे आहे ते पाहायचे. बल्ब पेटला. खूण जिथे असायला हवी त्याच्या कितीतरी आधी होती. दोघांची डोकी बॉनेटखाली एकमेकांना लागली होती, त्यामुळे ते अंतर दोघांनीच पाहिले.

"बाप रे," दिवेवाला पुटपुटला.

"हळू बोल."

"हळू बोललो तर तुला ऐकू येईल का?"

डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचा क्लॅम्प मिस्त्रीने पान्याने सोडवला. तो सोडवायला त्याला दातओठ खावे लागले. मग आतला रोटर फिरतो त्याच दिशेने डिस्ट्रिब्युटर फिरवत नेला, खुणेवर बल्ब पेटेपर्यंत. ठिणगी मागे आली, आपल्या जागी. क्लॅम्प आवळला, तार जोडली.

दिवेवाला ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "क्लॅम्प सैल झाला होता. हादऱ्यानं फिरला डिस्ट्रिब्युटर. कोणाचंही होतं."

हे धादांत खोटे होते. एवढ्या वर्षांच्या वैऱ्याने ते बिनव्याजी दिले होते आणि मिस्त्रीला फक्त गप्प राहायचे होते.

"घट्ट होता," मिस्त्री म्हणाला. "मीच लावलेलं टायमिंग आहे हे. मला किणकिण ऐकूच आली नाही."

पण नेमक्या त्याच वेळी चालकाने किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, टाळ्या वाजवाव्यात की नाही या संभ्रमात लोकांनी एकमेकांचे हात धरले, आणि कबुली इंजिनाच्या आवाजात बुडाली. ती ऐकली दिवेवाल्याने आणि, ओठ हलताना बघून, बायकोने. म्हणून गावात आजही क्लॅम्प सैल होता असेच सांगतात. सांगणाऱ्यांपैकी बरेचजण त्या बॉनेटपासून हातभर अंतरावर उभे होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीला किती वजन द्यावे याचा हा एक नमुना.

निघताना वस्तादांची लेक खिडकीतून म्हणाली, "काका, एक सांगायचं राहिलं. गेल्या पंधरवड्यात ही गाडी आमच्या घरावरून चढली, तेव्हा बाबांनी पडल्या पडल्या विचारलं, हिचं टायमिंग कोणी लावलं? मी म्हटलं, तुमच्याच शिष्यानं. तर हसले."

"काही बोलले?"

"नाही. हसले आणि कूस बदलली."

घरी आल्यावर बायकोने मशीनवरचे कापड बाजूला सारून त्याला समोर बसवले.

"कधीपासून माहीत होतं तुला?" त्याने विचारले.

"चिमण्यांपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. पट्टा वाजतोय म्हणालात."

तो हातातल्या किल्ल्या उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "आता गॅरेज दिवेवाल्याला देऊन टाकावं म्हणतो."

"का? हात गेलेत का तुमचे? आज हातानंच सापडवलंत ना?" तिने टेबलाच्या खणातून शिवताना बोट वाचवणारा अंगुस्ताना काढून बोटात चढवला. "उठा. ती बाहेर उभी आहे ना निळी गाडी, तिचं टायमिंग राहिलंय. मी येते चढावर. किणकिणली की डॅशबोर्डवर टक्क करीन. ते तर दिसेल ना?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मिस्त्री म्हातारपणी बायकोला फिरवतो. म्हणू देत. मला कुठं फिरवलंय तुम्ही आजवर?"

तेव्हापासून मिस्त्री टायमिंग आधी बल्बवर लावतो आणि मग चढावर बायकोच्या टकटकीवर पक्के करतो. बल्ब दिवेवाल्याने परत मागितलेला नाही. शववाहिका भंगारात गेली नाही. लोक जे म्हणतील असे वाटले होते ते अगदी तसेच म्हणाले, शिवाय परक्यांच्या पेट्रोलवर फिरवतो हेही जोडले.

जे कळलेले नाही ते असे. किणकिण मिस्त्रीच्या कानातून नेमकी कधी गेली, ते ठाऊक नाही. त्यामुळे त्याने कानाने लावलेल्या आणखी किती गाड्या गावात गरम झाल्यावर लाथा झाडत आहेत, तेही नाही. वस्ताद का हसले, हे लेकीला माहीत नाही आणि आता विचारणार कोणाला. आणि टायमिंग तपासायला टाकीचा एक चढ पुरतो, हे दोघांनाही पक्के माहीत असताना गाडी त्यापुढे तळ्यापर्यंत जाऊन का परतते, आणि तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर, जिथे कोणतेही इंजिन किणकिणत नाही, तिथेही अंगुस्ताना कशासाठी वाजतो, याचा खुलासा दोघांपैकी कोणीही अद्याप केलेला नाही.